गणपूर्ती नसलेली सभा: ऑनलाइन हरकती-सूचनांत कोण आलं नाही, हे कोण बघतं?

ग्रामसभेला एक साधा नियम आहे. गावातल्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा लहान, तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब करावी लागते. कागदोपत्री याला गणपूर्ती म्हणतात, गावात सगळे कोरम म्हणतात. वनहक्क कायद्याचे नियम २०१२ साली सुधारले, तेव्हा हा कोरम आणखी नेमका झाला. वनहक्काचे दावे ठरवणाऱ्या ग्रामसभेत निम्मे सदस्य हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बायका हव्यात. म्हणजे नुसती गर्दी पुरत नाही, गर्दीत कोण आहे तेही बघायचं.

हा नियम सगळीकडे मनापासून पाळला जातो, असं मी म्हणणार नाही. तहकूब झालेली सभा पुन्हा बोलावली की तिला गणपूर्ती लागत नाही, ही पळवाट गावागावांत माहीत आहे. रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेणंही नवं नाही. पण निदान प्रश्न तरी विचारला जातो: कोण आलंय, कोण आलेलं नाही?

आता शहरातली किंवा राज्य पातळीवरची गोष्ट घ्या. विकास आराखडा असो, एखाद्या कायद्याचा मसुदा असो, पालिकेचं अंदाजपत्रक असो, संकेतस्थळावर सूचना झळकते: नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना अमुक तारखेपर्यंत ऑनलाइन पाठवाव्यात. मुदत संपते आणि आकडा जाहीर होतो, इतक्या सूचना आल्या. चार आल्या तरी काम पुढे जातं, चाळीस हजार आल्या तरी जातं. त्या कोणत्या वस्त्यांतून आल्या, त्यात बायका किती, भाड्यानं राहणारे किती, डोळ्यांनी न दिसणारं कुणी होतं का, पाड्यावरचं कुणी होतं का, हे विचारणारं कुणी नसतं. ऑनलाइन सभेला गणपूर्तीच नाही. ती कधीच तहकूब होत नाही. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि त्यावर काय करता येतं ते.

पायरीवरचा पाऊण तास

काही वर्षांपूर्वी एका शहरातल्या वस्तीत आम्ही चौघं-पाच जण संध्याकाळी समाजमंदिराच्या पायऱ्यांवर लॅपटॉप घेऊन बसत होतो. प्रभागातली छोटी कामं सुचवायची होती आणि अर्ज ऑनलाइन होता. चार घरची धुणीभांडी उरकून आलेली एक मावशी समोर बसली. तिला काम नेमकं माहीत होतं. सार्वजनिक शौचालयाकडे जाणाऱ्या बोळात दिवा नाही, रात्री पोरींना एकटं पाठवता येत नाही. "ताई, एवढं दिव्याचं लिहा," ती म्हणाली.

मी लिहायला घेतलं. पहिला रकाना मोबाइल क्रमांकाचा. घरात स्मार्टफोन एकच, तो मुलाकडे, आणि मुलगा पार्सलं पोहोचवायला बाहेर. त्याला फोन लावून ओटीपी विचारायचा, तर तो गाडीवर. त्यानं उचलला तोवर ओटीपीची मुदत संपलेली. तिसऱ्या खेपेला जमलं. पुढे ईमेल. तिला नव्हता, माझा टाकला. मग 'सोसायटीचे नाव' आणि 'फ्लॅट क्रमांक'. हे दोन्ही भरल्याशिवाय पान पुढे सरकेना, म्हणून दोन्हीकडे वस्तीचंच नाव घातलं. मग कामाचा प्रकार निवडायचा. यादीत पथदिवे होते, पण पथदिवे निवडले की रस्त्याचं नाव यादीतूनच निवडावं लागत होतं. बोळाला नाव नाही. शेवटी शेजारच्या मोठ्या रस्त्याचं नाव निवडून टाकलं आणि खाली शेऱ्यात खरी जागा लिहिली. पाऊण तास गेला. मागे थांबलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणी चूल पेटवायची वेळ झाली म्हणून तोवर उठून गेल्या होत्या.

या सगळ्यात कुणी तिला हाकललं नाही, कुणी उद्धटपणे बोललं नाही. दार सताड उघडं होतं. पण अर्ज तयार करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक माणूस होता: ज्याचा फोन त्याच्या खिशात असतो, ज्याच्या घराला क्रमांक असतो, ज्याच्या रस्त्याला नाव असतं. मावशी त्या माणसासारखी नव्हती, म्हणून प्रत्येक रकान्यात तिला स्वतःला वाकवून बसवावं लागलं. 'डिजिटल दरी' हा शब्द आपण सतत ऐकतो. तो शब्द ऐकला की मला हे रकाने आठवतात.

आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ३८ जणींनी आयुष्यात कधी ना कधी इंटरनेट वापरला होता. पुरुषांमध्ये हेच प्रमाण शंभरात ६१ च्या आसपास होतं. त्यानंतर फोन खूप पसरले हे खरं. पण 'घरात फोन आहे' आणि 'फोन माझा आहे' यांत फरक असतो, आणि ओटीपीला तो फरक कळत नाही.

भाषेचा उंबरा

फोन मिळाला, नेट आलं, तरी पुढे भाषा उभी असते. आपल्याकडच्या जाहीर सूचना साधारण अशा धाटणीच्या असतात: "उक्त प्रारूप योजनेमुळे बाधित होण्याचा संभव असणाऱ्या सर्व व्यक्तींनी आपल्या लेखी हरकती अथवा सूचना, सदर सूचना शासन राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या दिनांकापासून विहित मुदतीचे आत निम्नस्वाक्षरीकारांकडे सादर कराव्यात." मी पदवीपर्यंत मराठीतून शिकले, तरी हे वाक्य मला दोनदा वाचावं लागतं. मुदत कधी संपते ते कळायला आधी राजपत्र शोधायचं, त्याची तारीख बघायची, मग दिवस मोजायचे.

हेच असं लिहिता येतं: "तुमच्या भागाचा पुढच्या वीस वर्षांचा नकाशा तयार होतोय. तुमचं घर, दुकान, मैदान, विहीर त्यात कशी दाखवली आहे ते बघून घ्या. चूक असेल तर अमुक तारखेच्या संध्याकाळपर्यंत आम्हाला सांगा. लिहून, फोनवर किंवा प्रत्यक्ष येऊन, कसंही चालेल." कायद्याची भाषा कायद्याच्या जागी राहू द्या. तिच्या वर हा मजकूर मोठ्या अक्षरांत छापायला कुठलाही कायदा आड येत नाही.

आणि ही झाली मराठी येणाऱ्यांची गोष्ट. २०२० साली पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा केंद्र सरकारनं काढला. कोणत्या खाणीला, धरणाला, कारखान्याला पर्यावरणाची परवानगी कशी मिळेल आणि जनसुनावणी कधी होईल, हे ठरवणारा हा मसुदा. तो इंग्रजी आणि हिंदीतच होता. टाळेबंदीचा काळ, माणसं घरात कोंडलेली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. ३० जून २०२० ला न्यायालयानं हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत आणायला सांगितलं. कायद्यानं इंग्रजी आणि हिंदी पुरेशी आहे, ही केंद्राची भूमिका होती आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

मला हा आदेश महत्त्वाचा वाटतो, पण त्याच्याही पलीकडे कोण राहिलं ते बघा. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीहून जास्त होते, गोंडी बोलणारे २९ लाखांहून जास्त. या दोन्ही भाषा अनुसूचीत नाहीत. म्हणजे नंदुरबारच्या डोंगरात आणि गडचिरोलीच्या जंगलात, जिथं असल्या प्रकल्पांचा परिणाम सगळ्यात आधी पोहोचतो, तिथल्या माणसाच्या घरच्या भाषेत तो मसुदा त्या आदेशानंतरही येणार नव्हता. 'सर्व भाषा' म्हटलं की आपण यादीकडे बघतो. बघायला हवं प्रकल्पाच्या नकाशाकडे, आणि त्या नकाशावर कोणत्या बोली ऐकू येतात त्याकडे.

ज्यांना दिसत नाही त्यांची अडचण वेगळीच. मराठीतली कितीतरी सरकारी कागदपत्रं छापून, पुन्हा स्कॅन करून, चित्र म्हणून संकेतस्थळावर चढवलेली असतात. काही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला चित्रातलं काही ऐकू येत नाही, आणि जुन्या फॉन्टमधलं मराठी ते इंग्रजी अक्षरांचा गोळा म्हणून वाचतं. मग वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा, तोही फक्त डोळ्यांनी ओळखायचा. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या खटल्यात आलेली एक अडचण मी विसरू शकत नाही: ॲसिड हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या व्यक्तीला, आपण जिवंत माणूस आहोत हे ओळख पटवताना कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटून दाखवायला सांगितलं जात होतं.

वेळ आणि पत्ता यांबद्दल थोडक्यात. दसरा-दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीला निघालेल्या जोड्या उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. त्यांच्या गावाबद्दलची महिनाभराची मुदत थंडीत उघडून थंडीतच बंद झाली, तर ती त्यांच्यासाठी नव्हतीच. पारधी, वडार, कैकाडी अशा भटक्या-विमुक्त कुटुंबांना 'कायमचा पत्ता' हा रकानाच अडवतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांच्या हालचालींची नोंद ठेवली जायची, तो कायदा १९५२ साली गेला, पण कागद मागणाऱ्या खिडकीपुढे उभं राहण्याची धास्ती अजून गेलेली नाही.

धास्ती या शब्दावर थोडं थांबते. आपण धरून चालतो की माणूस बोलत नाही कारण त्याला माहिती नाही. पुष्कळदा त्याला सगळं माहीत असतं, आणि बोलल्यावर काय होईल तेही माहीत असतं. पाण्याच्या टाकीची जोडणी दलित वस्तीपर्यंत का येत नाही, हे लिहिणाऱ्याचं नाव आणि नंबर सगळ्यांना दिसणार असेल, आणि त्याच गावात त्याला उद्या मजुरीला जायचं असेल, तर तो लिहिणार नाही. ऑनलाइनमध्ये नाव झाकून बोलायची सोय खरं तर सहज देता येते. ओळख कार्यालयाला कळावी, पण यादीत छापू नये, एवढंच. तृतीयपंथी व्यक्तींना, देहविक्री करणाऱ्या बायकांना, एकट्या राहणाऱ्या बायकांना ही सोय नसेल तर बाकीच्या सगळ्या सोयी असून नसल्यासारख्या आहेत.

लिहायचं नसेल तर बोला

मग करायचं काय? मला सर्वांत जास्त शिकवलेलं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. छत्तीसगडमध्ये २०१० साली 'सीजीनेट स्वर' सुरू झालं. आधी पत्रकारिता केलेले शुभ्रांशु चौधरी त्याच्यामागे होते. अडचण अशी होती की गोंडी बोलणाऱ्या गावांत वर्तमानपत्र नाही, इंटरनेट नाही, आणि ज्या भाषेत लोक विचार करतात त्या भाषेत बातमी देणारं कुणीच नाही. पण साधे, बटणांचे मोबाइल पोहोचायला लागले होते.

रचना इतकी सोपी की दोन मिनिटांत समजते. एका नंबरवर फोन लावायचा आणि सोडून द्यायचा. यंत्रणा उलटा फोन करते, म्हणजे पैसे बोलणाऱ्याचे जात नाहीत. फोन उचलला की सांगितलं जातं: बोलायचं असेल तर एक दाबा, दुसऱ्यांचं ऐकायचं असेल तर दोन दाबा. एक दाबलं की बोला, आपल्या भाषेत. गावातला हातपंप बंद आहे, मास्तर येत नाहीत, रोजगार हमीची मजुरी मिळाली नाही. संपादन करणारी माणसं ते ऐकून तपासतात आणि मग ते सगळ्यांना ऐकण्यासाठी खुलं होतं. बोलणारा त्यातच संबंधित अधिकाऱ्याचा नंबरही सांगतो, आणि शहरात बसून ऐकणारे लोक त्या अधिकाऱ्याला फोन करून विचारतात, या कामाचं काय झालं? काम झालं की तोच माणूस पुन्हा फोन करून सांगतो, झालं म्हणून.

यात स्मार्टफोन नाही, ओटीपी नाही, टंकन नाही, प्रमाणभाषा नाही, फ्लॅट क्रमांक नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट, बोलणाऱ्याचा आवाज तसाच राहतो. मी मावशीचा अर्ज भरला तेव्हा तिचं वाक्य माझ्या भाषेत गेलं. "पोरींना एकटं पाठवता येत नाही" याचं मी "महिलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने" असं करून टाकलं. ते मी चांगल्या हेतूनं केलं, आणि तरीही ती माझी चूक होती. अर्ज वाचणाऱ्याला पोरी दिसल्या नाहीत, एक ठरावीक वाक्प्रयोग दिसला. मदतनीस बसवायचाच असेल, मग तो सेवा केंद्रातला असो की संस्थेचा, तर त्याला पहिला धडा हा द्यायला हवा: समोरच्याचं वाक्य बदलू नका, आणि आवाज नोंदवता येत असेल तर आवाजच नोंदवा.

मदतनीस म्हटलं की सगळ्यांची नजर आशाताई आणि अंगणवाडीताईंकडे जाते. त्या घरोघरी पोहोचतात म्हणून प्रत्येक सर्वेक्षण त्यांच्याच माथी येतं. त्यांच्याकडून हे काम हवं असेल तर त्याचा वेगळा मोबदला द्यावा. फुकटच्या श्रमावर उभा केलेला लोकसहभाग मला पटत नाही.

आधीची वेगळी बैठक

दुसरी गोष्ट आपल्याच कायद्यात आहे आणि ऑनलाइनवाल्यांनी ती अजून उचललेली नाही. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. कारण उघड आहे. सासरा, दीर आणि पाटील समोर बसलेले असताना सून दारूच्या दुकानाबद्दल काय बोलणार? बायका आधी आपसांत बोलतात, शब्द जुळवतात, कोण बोलणार ते ठरवतात, आणि मग मोठ्या सभेत एकटी बाई उभी राहत नाही, ठराव घेऊन उभी राहते.

ऑनलाइनमध्ये याचं रूप काय असेल? सगळ्यांसाठी एकच खुली चर्चा ठेवून भागत नाही. तिथं जो लवकर येतो, भराभर लिहितो आणि भांडायला घाबरत नाही, त्याचंच चालतं, आणि बायकांनी लिहिलं की खाली कसल्या प्रतिक्रिया येतात ते आपण रोज बघतो. मोठी चर्चा उघडण्याआधी बचतगटाच्या महिन्याच्या बैठकीत, कोळीवाड्यात, मजूर अड्ड्यावर, अंधशाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात वेगवेगळं बोलणं व्हावं. त्या गटांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत आधी नोंदलं जावं, आणि मग तेच खुल्या चर्चेचा पहिला मजकूर व्हावा. पहिला मजकूर कुणाचा आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं नाव वनहक्कांमुळे सर्वदूर पोहोचलं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. घोषणेइतकीच मोलाची आहे तिथली अभ्यासाची पद्धत. गाव निर्णय सर्वसहमतीनं घेतं, आणि त्याआधी अभ्यासगटात विषय समजून घेतला जातो, बाहेरच्या जाणकाराला बोलावून प्रश्न विचारले जातात. म्हणजे आधी समजून घ्यायची जागा आणि मग मत द्यायची जागा. आपली संकेतस्थळं थेट मत मागतात. तीनशे पानांचा मसुदा आणि खाली रिकामा चौकोन! यात ज्याच्याकडे वकील किंवा वास्तुविशारद आहे त्याचंच फावतं.

मुंबईच्या विकास आराखड्याच्या वेळी हे सगळ्यांनी पाहिलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये मसुदा आला. रस्त्यांच्या आखण्या, वारसा वास्तू, गावठाणं यांच्या नोंदींतल्या चुकांवर इतका गदारोळ झाला आणि हजारोंनी इतक्या हरकती गेल्या, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो बाजूला ठेवला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला. त्या काळात वस्त्यांत काम करणाऱ्या लोकांनी नकाशे मोठे छापून आणले, जमिनीवर पसरले आणि विचारलं, यात तुमचं घर कुठं? नकाशा वाचायची सवय नसलेली माणसं शाळा, मशीद, नाला अशा खुणा धरून पंधरा-वीस मिनिटांत आपली गल्ली शोधून काढतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. किनाऱ्याच्या नकाशांचंही तसंच. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार मच्छीमारांची सामाईक ठिकाणं, म्हणजे जेट्या, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवायच्या जागा, किनारा व्यवस्थापनाच्या नकाशात दाखवायच्या होत्या. बोंबील कुठं वाळतात हे उपग्रहाच्या चित्रावरून ओळखणारा माणूस कोळीवाड्याबाहेर सापडणं कठीण. ते कोळणीला विचारावं लागतं, आणि ती मासळी विकून परतल्यावर विचारावं लागतं.

संख्येचा मोह

लोक म्हणतील, मग सूचनांना वजन कसं द्यायचं? एका गृहसंकुलातून एकाच मजकुराचे पाच हजार ईमेल आले आणि पाड्यावरून एकच फोन आला, तर?

हरकत म्हणजे मतदान नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. मतदानात संख्या मोजतात. हरकतीत माहिती असते: इथं विहीर आहे, तुम्ही ती दाखवलेली नाही. ती एकानं सांगितली तरी खरी आणि पाच हजारांनी नाकारली तरी खरी. त्यामुळे एकसारखे मजकूर एकत्र करून एक मुद्दा धरावा, आणि प्रत्येक वेगळा मुद्दा, एकच आला असला तरी, स्वतंत्र तपासावा.

तैवाननं या बाबतीत एक प्रयोग केला. २०१५ साली उबरच्या प्रश्नावर तिथं पोलिस नावाचं चर्चेचं साधन वापरलं. पोलीसखात्याशी त्याचा संबंध नाही, नाव तसं आहे. त्यात एकमेकांना उत्तर द्यायची सोयच नाही, त्यामुळे भांडण वाढत नाही. प्रत्येकानं एक विधान मांडायचं आणि इतरांच्या विधानांना 'पटलं', 'नाही पटलं' किंवा 'पुढे' एवढंच म्हणायचं. कोणती माणसं सारखा विचार करतात याचे गट यंत्र पाडतं आणि विरुद्ध गटांनाही पटलेली विधानं वर आणतं. छोट्या गटाचं म्हणणं मोठ्या गटाखाली बुडत नाही, वेगळा गट म्हणून दिसत राहतं. पण जो गट तिथं आलाच नाही, तो या यंत्रालाही दिसत नाही. गणपूर्तीचा प्रश्न तिथंही उरतो.

म्हणून माझं मागणं साधं आहे. मुदतीच्या मध्यावर एकदा थांबून बघा. आलेल्या सूचना कोणत्या प्रभागातल्या, बायका-पुरुष किती, वयं काय, घर मालकीचं की भाड्याचं, अपंगत्व आहे का, हे ऐच्छिक प्रश्न विचारा, उत्तरं नावापासून वेगळी ठेवा आणि फक्त बेरीज जाहीर करा. ती जनगणनेशेजारी मांडा. लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्शाची वस्ती आणि तिथून दोन सूचना, असं दिसलं तर उरलेले दिवस त्या वस्तीत जाऊन बसा. तरीही कुणी आलं नाही तर मुदत वाढवा. ग्रामसभा तहकूब होऊ शकते, तर संकेतस्थळही होऊ शकतं.

उत्तर कुणाच्या फोनवर गेलं?

मावशीच्या दिव्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दोनेक महिन्यांनी निरोप आला, तो मुलाच्या फोनवर: एक क्रमांक आणि 'निकाली' हा शब्द. मुलानं तो वाचला की नाही कुणास ठाऊक. मला पुढच्या वर्षी यादी चाळताना कळलं की काम मोठ्या रस्त्याच्या नावे नोंदलं गेलं होतं आणि 'तेथे पुरेसे दिवे आहेत' म्हणून बंद केलं होतं. मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मला एकदा विचारायचं तरी." पुढच्या खेपेला ती पायऱ्यांवर आली नाही. तिला मी दोष देत नाही. आपल्या बोलण्याचं काय झालं हे ज्याला कधीच कळत नाही, तो दुसऱ्यांदा कशाला येईल?

केंद्र सरकारनं २०१४ साली कायदे करण्याआधी लोकांशी सल्लामसलत करण्याचं धोरण ठरवलं. मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, सोबत सोप्या भाषेतलं टिपण द्यावं, आलेल्या मतांचा सारांश संकेतस्थळावर टाकावा, आणि मंत्रिमंडळापुढच्या टिपणात तो सारांश उत्तरासह द्यावा, असं ते सांगतं. हे धोरण आहे, कायदा नाही, म्हणून पाळलं नाही तर दाद मागणं अवघड जातं. राज्यानं आणि पालिकांनी निदान उत्तराचा भाग तरी नियमात आणावा, आणि उत्तर ज्या वाटेनं प्रश्न आला त्याच वाटेनं जावं. आवाजात आलेल्याला आवाजात, गोंडीत आलेल्याला गोंडीत. 'नाही' हे उत्तरही चालतं, कारण सांगितलेलं असेल तर.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. विकास आराखड्यासारख्या कामांत हरकत लेखी द्यायची असते, ती ऑनलाइनच द्यावी लागते असं नाही. साध्या कागदावर, आपल्या शब्दांत, निळ्या पेनानं लिहिलेली हरकत कार्यालयात नेऊन देता येते. वस्तीतल्या दहा जणींनी मिळून एकाच कागदावर सह्या किंवा अंगठे केले तरी चालतं, पण दहा वेगळ्या अडचणी असतील तर दहा कागद करा. जागेची खूण नकाशावरच्या नावानं लिहू नका, लोक जिला जे म्हणतात तेच लिहा आणि सोबत हातानं काढलेला छोटा नकाशा जोडा: शौचालय इथं, बोळ इथं, दिवा इथं हवा. दोन प्रती न्या. एक आवक कक्षात द्या, आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.